निम्मी गोळी

ताई तलावावर बायकांना पोहायला शिकवायची. आवाज असा खणखणीत की सगळ्या तिला 'भोंगा' म्हणायच्या, आणि तिला ते आवडायचंही. थायरॉइड मंद असल्यामुळे गेली कित्येक वर्षं ती सकाळी अनशापोटी गोळी घ्यायची.

मग मूत्रपिंडात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण तोवर कॅन्सर फुफ्फुसात पोचला होता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "थायरॉइडच्या गोळीतल्या ज्या हार्मोनवर तुमचं शरीर चालतं, त्यावर या गाठीही पोसल्या जात असतील अशी शंका आहे. खात्री कोणालाच नाही. औषधं चालूच राहतील. जोडीला गोळी निम्मी करून बघायची का?"

ताईच्या आधी तिचे यजमान, आमचे भावजी, म्हणाले, "करू या."

भावजी इलेक्ट्रिशियन. बिघाड दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. इथे निदान काहीतरी करण्यासारखं सापडलं होतं. सुरीने गोळीचे तुकडे तेच करायचे.

हळूहळू ताई मंदावली. भर उन्हात स्वेटर, चेहरा सुजलेला, आवाज बसलेला. एकदा भाजीची जुडी हातात धरून नुसतीच बसली होती. मी हलवलं तर म्हणाली, "काय करत होते गं मी?"

तपासणीत गाठी होत्या तेवढ्याच निघाल्या. भावजी खूश झाले.

"अहो, मला पूर्ण गोळी द्या," ताई म्हणाली. "अशी बसून बसून काय करू मी?"

"आणि गाठी वाढल्या तर?"

"वाढू देत."

भावजींनी माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरबाईंनी पूर्ण गोळी लिहून दिली. ताई पुन्हा तलावावर जायला लागली. पाण्यात उतरायची ताकद नव्हती, काठावरूनच ओरडायची, "मावशी, कठडा सोडा! तो कुठे पळून जात नाही!"

पुढच्या तपासणीत गाठी वाढलेल्या होत्या.

"गोळीमुळे?" भावजींनी विचारलं.

"असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "निम्मी असती तरी वाढल्या असत्या, असंही असेल. मला खरंच सांगता येत नाही."

"अंदाज तरी सांगा, बाई."



ताईला जाऊन आता वर्ष होईल. भावजी अधूनमधून फोन करतात. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारतात, "द्यायला नको होती का गं?"

"नाही हो, बरोबरच केलंत तुम्ही," मी म्हणते.

"हं," म्हणतात, आणि फोन ठेवत नाहीत. मलाही तो आधी ठेवायचा धीर होत नाही.