सॉफ्टवेअरवाल्यांची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या कचेरीत नवं सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, ते मी ठरवलं. एकटीनं. कुणाला विचारलं नाही.

बरं, ठरवलं म्हणजे सही बाईंनी, इथल्या मालकिणीनं केली, डोकंही बाईंचंच दुखलं. मी नुसती डुगडुगले. पण डुगडुगणं हेसुद्धा काम आहे. तुम्ही करून बघा आठ तास.

माझं शिक्षण विचाराल तर चौथी. एका शाळेत चौथीच्या वर्गात मी अकरा वर्षं काढली, गुरुजींना मांडीवर घेऊन. पाचवीत मला कुणी नेलंच नाही. त्यामुळे मला वाचता येतं, बेरीज येते, भागाकार आला की मी खिडकीबाहेर बघते. गुरुजी दिवसभर मुलांना सांगायचे, सरळ बसा, आणि स्वतः पाय वर घेऊन माझ्यावर पेंगायचे. माणसांविषयी मला जे काही कळतं, ते तिथंच कळलं.

शाळेनं जुनं सामान विकलं तेव्हा मामांनी मला उचलून आणलं. मामा म्हणजे बाईंचे सख्खे मामा आणि इथले मुख्य मेकॅनिक. त्यांनी मला बाईंच्या टेबलासमोर, आल्यागेल्याच्या जागी ठेवलं आणि पहिल्याच आठवड्यात करवतीनं माझा मागचा डावा पाय अर्धं बोट कापला. कशासाठी, तर विमेवाले, कॅलेंडरवाले आणि ‘सहज आलो होतो’ म्हणणारे लवकर उठावेत म्हणून. दुखलं मला. पण पहिला पाहुणा ‘आई गं’ म्हणत टेबल धरून बसला, तेव्हा जी मजा आली, ती अजून उतरलेली नाही.

आता मुद्द्याचं. इथं तक्रारीचा फोन आला की बाई एकच वाक्य बोलतात, ‘माणूस निघालाय.’ माणूस दुसऱ्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असो, जेवत असो, नाहीतर अजून कामावर ठेवायचा असो, तो निघालेलाच असतो. या धंद्यात सगळे असंच बोलतात आणि गिऱ्हाईकही ओळखून असतं.

तीन महिन्यांपूर्वी मात्र मोठ्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये एक आजी अडकल्या. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या होत्या, म्हणजे सोबतीला आमच्याच घराण्यातली कुणीतरी होती. बाई फोनवर म्हणाल्या, ‘माणूस निघालाय.’ दवाखान्यानं विश्वास ठेवला आणि अग्निशमन दलाला बोलावलं नाही. इकडे मामांना वाटलं, दुसरा मेकॅनिक गेला असेल. दुसऱ्याला वाटलं, मामा गेले असतील. आजी दोन तासांनी बाहेर आल्या. वाचल्या, पण त्यांना उचलून बाहेर काढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा व्यवस्थापक माझ्यावर येऊन बसला. म्हणाला, ‘पुन्हा असं झालं तर तुमचं काम बंद. आणि मी स्वतः पोलिसांत जाईन.’ त्याला मी हलवलं नाही. कधी गप्प बसावं, एवढं चौथीतही कळतं.

त्या दिवसापासून बाईंनी एकच धोशा लावला. आपला कुठला माणूस कुठं आहे, ते सांगणारं सॉफ्टवेअर हवं.

पहिला आला तो अत्तर लावून. बसला तसा मी कलले आणि त्याचा लॅपटॉप मांडीवरून घसरला.

‘खुर्ची ठीक आहे ना?’ बाईंनी विचारलं.

‘एकदम आरामशीर आहे, मॅडम.’

‘आमची माणसं तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात असतात. तिथं फोनला रेंज नसते. तुमचं चालेल तिथं?’

‘चालेल ना, मॅडम. का नाही चालणार?’

दुसऱ्यानं मला पायानं दाबूनच धरलं. घामानं शर्ट भिजला, पण म्हणाला, ‘अशा खुर्च्या हल्ली मिळत नाहीत.’ तेवढं मात्र तो खरं बोलला. रेंजचं विचारल्यावर तोही म्हणाला, चालेल. तिसरा तर पडलाच. जमिनीवर बसूनच म्हणाला, ‘काही नाही, माझाच तोल गेला.’ आणि तिथूनच त्यानं सांगितलं की त्यांचं सॉफ्टवेअर कधीच बंद पडत नाही.

मामा खुशीत होते. त्यांना सॉफ्टवेअर नकोच होतं. काम झालं की ते अर्धा तास चहा पितात आणि मग काम झाल्याचं कळवतात. त्या अर्ध्या तासावर कुणाची नजर पडलेली त्यांना कशी चालेल?

‘पोरी, मेकॅनिक म्हणजे काय बैल आहे, गळ्यात घंटा बांधायला?’

‘घंटा असती ना मामा, तर आजी दोन तास आत बसल्या नसत्या.’

मामांनी पाना उचलला आणि बाहेर गेले. त्या पान्याचं बाहेर काही काम नव्हतं.

चौथी एक बाई आली. पन्नाशीला टेकलेली, स्कूटरवरून आलेली, हातात हेल्मेट. मी मनात तिचं नाव हेल्मेटवाली ठेवलं. टेकली न टेकली तोच उठली.

‘ताई, ही खुर्ची मोडकी आहे. मी उभी राहते.’

मोडकी म्हणे. मी कापलेली आहे, मोडलेली नाही. फरक आहे. पण सांगणार कुणाला?

बाईंनी रेंजचा प्रश्न विचारला.

‘नाही चालणार,’ हेल्मेटवाली म्हणाली. ‘खाली उतरला की तो दिसायचा बंद होणार. उतरण्याआधी त्यानं तसं कळवायचं. अर्ध्या तासात वर आला नाही तर पुढच्या माणसाला आपोआप फोन जाईल. आम्हाला एवढंच जमतं.’

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग आवाज दिला, ‘मामा, आतून स्टूल आणा.’

म्हणून म्हणते, मी ठरवलं. नसेल पटत तर नका मानू. मी डुगडुगायची थांबणार नाही.

आता मामा खिशात रबराचा तुकडा घेऊन फिरताहेत. नव्या सॉफ्टवेअरपुढे डुगडुगती खुर्ची बरी दिसत नाही म्हणे. पाय ज्यांनी कापला, त्यांनाच आता लाज वाटायला लागली. ठोका रबर. मी दुसरा पाय आखूड करून घेईन. वाळवीची आणि माझी जुनी ओळख आहे. सरळ खुर्च्यांवर बसून किती खोटं बोललं जातं, ते मी शाळेपासून बघतेय. तुमच्याकडे कुणी काही विकायला आलं, मत मागायला आलं, तर मला न्या. भाडं नको, फक्त उन्हात ठेवू नका.

कालपासून काम सुरू झालंय. हेल्मेटवाली बाईंच्या जागेवर, कॉम्प्युटरपुढे बसते. त्यामुळे आज बाईंना माझ्यावर बसावं लागलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या मालकीण, म्हणून मी अंग चोरून स्थिर राहिले होते. तेवढ्यात बाई पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘एक छोटंसं करून द्या ना. तक्रार आली रे आली की गिऱ्हाइकाला मेसेज जाऊ दे, माणूस निघालाय. आपोआप. लोकांना धीर येतो हो.’

मी काही केलं नाही, शप्पथ. त्या झुकल्या म्हणून मी कलले. बाईंनी टेबलाची कड धरली.

हेल्मेटवालीनं मान वर केली नाही, टाइप करणंही थांबवलं नाही.

‘माणूस निघाला की मेसेज जाईल, ताई. त्याआधी पाठवायचा असेल तर तुम्ही निघा.’