समुद्राकडची भिंत

धाकट्या दिराची होडी दाढांवर चढली तेव्हा आम्ही सगळ्या बायका किनाऱ्यावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होतो.

कंपनीच्या महिला केंद्राचं उद्घाटन होतं, टाळ्या वाजवायचं ठरलेलंच होतं. डोक्यावर ते उडतं कॅमेऱ्याचं यंत्र माशीसारखं घोंघावत होतं आणि कंपनीची पोरगी हात वर करून ओरडत होती, "होडी जवळ आली की हसायचं, हात हलवायचे, टाळ्या! वर बघायचं नाही!" आम्ही बघत नव्हतो. माझी जाऊ तर इतकं मन लावून हात हलवत होती, की होडीतल्या तिच्या नवऱ्याला वाटलं असेल, बायकोला आज एवढं भरतं कशाचं आलंय.

मग लाकूड फुटल्याचा आवाज आला. कुणीतरी मोठं कपाट जिन्यावरून ढकलून द्यावं तसा. आवाज कानात शिरला, पण हातांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. त्यानंतरही दोन-चार टाळ्या वाजल्या. त्यातली एक माझी.

मांडवात पहिल्या रांगेत बसलेल्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी शेजारच्याला विचारलं, "हे कार्यक्रमात आहे का?"

दाढा म्हणजे आमच्या किनाऱ्यासमोरचे खडक. ओहोटीला दिसतात, भरतीला पाण्याखाली दबा धरून बसतात. त्यांच्या दोन रांगा आहेत, मधे होडी जेमतेम जाईल एवढी वाट. आमच्या घरातल्या दोघा भावांच्या दोन होड्या. थोरला म्हणजे माझा नवरा, धाकटा हा. दोघंही त्या वाटेनं जन्मभर ये-जा करतात. धाकटा झोपेतसुद्धा सुखरूप येईल असं आम्ही म्हणायचो. म्हणून होडी तिरकी जाताना दिसली तरी कुणाच्या मनात काही आलं नाही. जाऊ म्हणाली होती, "बघा, कॅमेरा दिसला की अंगात येतं यांच्या."

वल्ह्याच्या दोन लहान होड्या किनाऱ्यावर होत्या. त्या घेऊन म्हातारे आणि पोरं निघाली. दिराला आणि त्याच्या दोघा साथीदारांना ओढून आणलं. माणसं वाचली. होडी लाटेनं उचलली, परत आपटली, पुन्हा उचलली, आणि चौथ्यांदा उचलायला काही उरलंच नव्हतं. फेसाखाली सगळं गडप झालं.

दिराचा खांदा निखळून खाली लोंबत होता. दात वाजत होते. जाऊ त्याच्या तोंडावरून हात फिरवत काहीबाही बोलत होती, पण तो माझ्याकडे बघत होता.

"वहिनी, मी भिंत धरूनच आलो."

"हो हो, राहू दे आता."

"नाही, ऐका ना. टेकडीवरची पाण्याची टाकी बघितली. टाकीच्या बरोबर खाली भिंत घेतली. तशीच धरून आलो."

"कुठली भिंत, भाऊजी?"

"कुठली म्हणजे? पांढरी. आपली."

आणि त्यानं चांगला हात उचलून दाखवलं. बोट गेलं ते कंपनीनं बांधलेल्या नव्या महिला केंद्राकडे. पांढरं शुभ्र, कालच रंग वाळलेला. बोट तसंच हवेत राहिलं. मग तो हळूहळू मान वळवून आमच्या घराकडे बघायला लागला.

आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर, समुद्राच्या बाजूला, आता एक प्रचंड निळी लाट होती आणि त्या लाटेवर एक मासा हसत होता. हसणारा मासा मी जन्मात पाहिलेला नाही, आणि मासे मी रोज पाहते.

हे झालं कसं, ते सांगायला हवं. टेकडीपलीकडे कंपनीचा कारखाना आहे. नफ्यातलं थोडं आसपासच्या गावांसाठी खर्च करायचं असतं म्हणे त्यांना. त्या कामावर ही पोरगी आली. उन्हाची मोठी टोपी घालायची म्हणून आम्ही तिला टोपी म्हणायचो, आणि तिलाही ते ठाऊक होतं. वाईट नव्हती. खाली जमिनीवर बसायची, नीट विचारायची. महिला केंद्र बांधलं, शिवणयंत्रं आणली. मग म्हणाली, सगळी घरं रंगवू या, किनारा खुलून दिसेल, बाहेरचे लोक बघायला येतील, तुमच्या हाताला काम मिळेल. कुणाला कुठला रंग हवा ते बायकांनीच सांगायचं.

आम्हाला आजवर कुणी आवडीचा रंग विचारला नव्हता. चार बायका तर त्या एका प्रश्नावरच खूश झाल्या. त्यातलीही एक मी. पुरुष समुद्रावर होते, आल्यावर चकित होतील असं ठरवून आम्ही आठवड्याभरात गाव पिवळं, जांभळं, पोपटी करून टाकलं. टोपीनं सगळ्यांना विचारलं. फक्त जे त्या वेळी पाण्यावर होते त्यांना विचारायचं राहिलं, आणि त्यांना विचारायला हवं हे आमच्याही डोक्यात आलं नाही. घर बायकांचं, समुद्र पुरुषांचा, अशी वाटणी झालेली.

एकट्या महिला केंद्राला तेवढा रंग नव्हता. कारण कंपनीचं बोधचिन्ह पांढऱ्यावरच बसतं, असा त्यांचा नियम.

आणि आमची ती भिंत मात्र आजवर दर वर्षी मी पांढरी केली होती. सासूबाईंनी जाताना मला दागिने दिले नाहीत, चुन्याचा कुंचा दिला. "पाऊस सरला की मागची भिंत पांढरी करायची. छप्पर गळू दे, दार मोडू दे, भिंत पांढरी." का, ते त्यांनी सांगितलं नाही. सासूला 'का' विचारायची आपली पद्धत नाही. खाऱ्या हवेला चुना बरा असेल, असं उत्तर माझं मीच देऊन टाकलं.

वाळूत उकिडवी बसलेली असताना हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. तेवढ्यात दीर म्हणाला, "वहिनी, दादा मागेच आहे. घटकाभरात येईल. बाकीच्या होड्या अजून लांब आहेत."

मी फोन काढला. बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. ती बाई हे नेहमीच किती शांतपणे सांगते! परत लावला. परत तेच. साहेबांच्या गाडीतून दिराला दवाखान्यात नेलं, बाकीच्या गाड्याही त्यामागोमाग गेल्या. दोन पोरं वल्ह्याची होडी घेऊन बाहेर निघाली, पण वारा समोरून होता. होडी खेकड्यासारखी आडवीच सरकत होती. जाऊ नवऱ्याबरोबर गेली नाही. म्हणाली, "त्यांना डॉक्टर बघतील. थोरल्या भाऊजींना कोण बघणार?"

"हात हलवून सांगू या," कुणीतरी म्हणालं.

"मघाशी तेच करत होतो की आपण," जाऊ म्हणाली.

मी उठून घराकडे धावले, भिंत परत पांढरी करायला.

चुना घरात नव्हता. कशाला असेल? मासा आला तसा मी उरलेला चुना शेजारणीला देऊन टाकला होता, आणि तिनं तो कधीच संपवला होता. मी मांडवाकडे बघितलं. साहेबलोकांच्या खुर्च्या तिथे रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीच्या अंगात पांढरं झबलं, मागे फितीचा बो.

"झबली काढा," मी म्हटलं. "सगळी. आणि जाळं आणा, मोठं."

जाळी ओवणाऱ्या बायकांना दोनदा सांगावं लागत नाही. पोरं छपरावर चढली, जाळं भिंतीवरून खाली सोडलं, आणि आम्ही शिड्यांवर चढून एकेक झबलं त्याच फितींनी जाळ्याला बांधत सुटलो. माशाचं शेपूट झाकलं, पोट झाकलं. डोळा मात्र झाकेना, तिथे झबलं सारखं उडायचं. शेवटी टेबलावरची चादर बांधली तेव्हा त्यानं हसणं थांबवलं.

"आणि ते केंद्र?" जाऊ म्हणाली. "तेही पांढरंच दिसतंय अजून."

ती चिखलाची बादली घेऊन तिकडे धावली. टोपी मधे आली. "अहो, बोधचिन्हावर नको—" तिच्या तोंडून निघून गेलं. जाऊ थांबली. नुसती तिच्याकडे बघत राहिली. पोरीचा चेहरा चुन्यापेक्षा पांढरा झाला. मग तिनं टोपी काढून वाळूत टाकली आणि उलट्या दिशेला पळत सुटली. मला वाटलं, गेली ही. पण ती मांडवातला लाल गालिचा ओढत परत आली. साहेबांच्या बुटांसाठी अंथरलेला, चांगला लांबलचक. "हा वरून सोडू या," ती धापा टाकत म्हणाली. "चिखलापेक्षा लवकर होईल."

गालिचा केंद्राच्या गच्चीवरून सोडला. वाऱ्यानं त्याचं खालचं टोक उचललं. टोपी आणि जाऊ दोघी त्यावर जाऊन बसल्या, पाठीला पाठ लावून. उरलेल्या पांढऱ्यावर बाकीच्या बायकांनी चिखल मारला, बोधचिन्हासकट.

तेवढ्यात होडी दिसली.

ऊन अजून होतं, समुद्राकडून तिरपं आमच्या घरांवर पडलेलं. नवऱ्याची होडी मी पाण्यावरच्या ठिपक्यावरून ओळखते, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही, उगाच चढून बसेल. ठिपका मोठा झाला. आम्ही कुणी हात हलवला नाही. एवढ्या बायका आणि कुणी बोलत नव्हतं, असं आमच्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच घडत असेल.

होडी केंद्राच्या बाजूला सरकली. मी डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटत होते, पण पापण्याच मिटेनात. होडीचा वेग कमी झाला. ती तिथेच लाटांवर खालीवर होत राहिली, गल्ली चुकलेल्या पाहुण्यासारखी. गाव ओळखू येत नव्हतं त्याला. जांभळं घर कुणाचं, पोपटी कुणाचं, कसं कळणार? मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होते, झबलं दोन्ही हातांनी ताणून भिंतीशी धरलेलं. माझ्याकडे बघ म्हणून मनात ओरडत होते. इतक्या वर्षांत मी हे त्याला किती वेळा म्हटलं असेन, आणि त्यानं कितीदा बघितलं असेल ते आता सांगत नाही.

होडीचं तोंड वळलं. हळू, अगदी हळू. टाकीखाली आलं. आणि सरळ, दोन फेसांच्या मधून, आत.

मी झबलं सोडलं आणि शिडीवरून उतरून पाण्याकडे गेले.

तो उतरला तो कुरकुरतच. "काय गं, इथे लग्न आहे का कुणाचं? आणि भिंतीवर हे काय वाळत घातलंय? अर्धा तास डोळे ताणतोय मी!"

त्याला सगळं सांगितलं. आधी भावाचं. तो ऐकत राहिला, दोनदा "खांदाच ना? नक्की खांदाच?" असं विचारलं. मग माझ्याकडे वळला. ओरडला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

"पण भिंत रंगवलीत कशी तुम्ही?"

"आम्हाला काय माहीत!"

"काय माहीत म्हणजे?"

"म्हणजे काय माहीत! तुम्ही ती बघून येता, हे कुणी सांगितलं होतं आम्हाला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. भावाची होडी फुटली हे ऐकून असा चेहरा झाला नव्हता.

"मग दर वर्षी चुना कशाला मारायचीस?"

"सासूबाई सांगून गेल्या म्हणून."

तो वाळूत बसला.  मग म्हणाला, "मला वाटायचं, माझ्यासाठी मारतेस."

दर खेपेला पाण्यातून ती भिंत दिसायची, आणि दर खेपेला हा माणूस मनात म्हणायचा, बघ, बायकोनं भिंत राखलीय. इतकी वर्षं. आणि मी? एका वर्षी कंबर धरली होती तेव्हा मी म्हटलं होतं, राहू दे यंदा, कोण बघतंय मागची भिंत. कशी कोण जाणे, मारली तेव्हाही. नसती मारली तर? मी ते त्याला तेव्हा सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

"अजून काय काय बघता तुम्ही पाण्यावरून?" जाऊनं विचारलं. 

त्यानं हात उचलून दाखवायला सुरुवात केली, लहान मुलाला शिकवावं तसं. "वारा उलटा असला की त्या वाकड्या सुरूच्या झाडावरून वळायचं. धुकं असलं की खडीच्या पांढऱ्या ढिगावरून. आणि ती पडकी बर्फाची शेड, ती दिसेनाशी झाली की समजायचं, फार डावीकडे गेलो."

टोपी आमच्या मागे उभी होती, अंगभर चिखल. ती एकदम खाली बसली.

"शेड उद्या पाडायचीय," ती म्हणाली. "सकाळी यंत्र येणार आहे. आणि ते झाड... तिथे फोटो काढायची जागा करायचीय, म्हणून ते पण." तिनं खिशातून फोन काढला. "मी विचारलं होतं हो सगळ्यांना. खरंच विचारलं होतं."

"आम्ही हो म्हणालो होतो," मी म्हटलं. आणि म्हणालोच होतो. ती पडकी शेड डोळ्यांत खुपते, असंही वर सांगितलं होतं.

ती उठली, फोन हातात घेऊन अनवाणीच टेकडीकडे पळाली. तिथे वर गेल्याशिवाय नीट आवाज लागत नाही. जाऊ तिच्या मागे गेली, वाटेतले दगड तिला ठाऊक नव्हते म्हणून.

मी नवऱ्याजवळ वाळूत बसले. त्याच्या अंगाला माशांचा आणि डिझेलचा वास येत होता. तो समुद्राकडे पाठ करून गावाकडे बघत होता, एकेका घरावर नजर थांबवत, आणि मधेच म्हणाला, "पिवळं कुणाचं?"

"तुमच्या मावशीचं."

"आणि पोपटी?"

मी सांगितलं. मग म्हटलं, "आता तुम्ही सांगा. एकेक करून सांगा. काही सोडू नका."