झाडूच्याही खाली

धाकट्याने छोट्या खोदयंत्राचं नवं दरपत्रक ऑफिसच्या दारावर चिकटवलं आणि मोठ्या कौतुकाने दादाला हाक मारली. यंत्र भाड्याने देणं हा दोघा भावांचा धंदा. खुर्ची धाकट्याची, यंत्रावर दादा. ग्रीसचे हात पुसत दादा वाचू लागला. नुसत्या बकेटचा तासाचा दर वेगळा, खडक फोडायच्या ब्रेकरचा वेगळा. इथवर ठीक होतं. पुढे जोडणी बदलायचाही, म्हणजे बकेट काढून ब्रेकर लावायचाही, अख्ख्या तासाचा दर लावलेला पाहून त्याला शिसारी आली.

"दहा मिनिटांत बदलतो मी! लाज नाही वाटत लोकांना लुबाडायला?"

"सगळेच लावतात, दादा."

जोडण्यांच्या यादीत शेवटून दुसरा होता रस्ता झाडायचा यांत्रिक झाडू, तासाला दीडशे. त्याच्याही खाली लिहिलं होतं: चालक, हवा असल्यास, ऐंशी.

दादाने यंत्राची किल्ली टेबलावर आपटली.

"अरे, चाललास कुठे? दुपारी काम आहे!"

"ही जोडणी निघाली," दादा म्हणाला. "तुझ्या झाडूला जास्त भाव आहे ना? मग त्यालाच बसव सीटवर."