पंधरा गाठींची दोरी

मी एक जुनी दोरी आहे, काथ्याची. माझ्या अंगावर पंधरा गाठी आहेत. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्ही बोटांनी वाचा. गाठीगाठीवर थांबत जाऊ. काही गाठी ओलांडूही.

पहिली गाठ.
घणसोलीच्या खाडीत मी गणूच्या होडीचा नांगर धरून होते. खारं पाणी, चिखल, पुन्हा खारं पाणी. पुढे माझं एक टोक कुजलं. तेव्हा गणूने माझा चांगला भाग कापून घेतला आणि चावडीवर आणून दिला. साल १९५८, दिवाळी नुकतीच झालेली. ठाण्याहून आलेल्या मालतीबाईंनी तिथे गावातल्या मुलींचं मंडळ सुरू केलं होतं.
"बाई, ही घ्या. आमची गोजरा उड्या मारल, बाकीच्या पोरीपन मारतील."

दुसरी.
काय दिवस होते ते! दोघी मला फिरवत, बाकीच्या उडत. नफिसा एका दमात एकशे बारा उड्या मारायची. मग सगळ्या रुमालावर टाके घालत, पाटीवर स्वतःचं नाव गिरवत. मी खुंटीवरून बघायची. नांगर धरणाऱ्या दोरीला इतकं हसू कधी ऐकायला मिळतं?

तिसरी.
तालुक्याच्या साहेबांची अट होती: रोज निदान पंधरा मुली. होळीपर्यंत तसं जमलं नाही, तर मंडळ बंद. वेळ दुपारी चारची.

चौथी.
एके दिवशी चार वाजले आणि आल्या फक्त सातजणी. दुसऱ्या दिवशीही तेवढ्याच. इतक्यात बारा वर्षांची गोजरा टोपली घेऊन दारात आली.
"बाई, पानी सुकलं! आता पाच-सा दिस आमी नाय येत."
आणि ती पळाली.

पाचवी.
बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. विहीर आटली म्हणजे पोरी किती लांबून हंडे आणत असतील! त्यांनी त्याच दिवशी साहेबांना अर्ज लिहिला: विहीर आटली आहे, मुली पाण्याला जातात, हजेरीत सूट द्यावी.

सहावी, सातवी, आठवी.
मी खुंटीवर. धूळ.

नववी.
साहेब आले. आधी विहिरीत वाकून पाहिलं. पाणी काठोकाठ.
"बाई, यात म्हैस बुडेल! आणि तुमच्या हजेरीत सात मुली. खोटा अर्ज, रिकामं मंडळ. कसं चालू ठेवायचं?"
तेवढ्यात गोजरा खाडीकडून आली. मांड्यांपर्यंत चिखल, टोपलीत चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, वळवळताहेत.
"विहिरीचं नाय सायब, खाडीचं पानी! दशमीपासून दुपारी सुकतं. चिखल उघडा पडला का आमी आयांसंगती कालवं, चिंबोऱ्या काराला जातो. रातचं जेवान त्यावरच हाय."
"मग मला नीट सांगितलं का नाहीस?" बाई म्हणाल्या.
"सांगितलं की! पानी सुकलं म्हनलं. तुमीच विहिरीत बघाया गेलात!"
साहेबसुद्धा हसले. मग गंभीर झाले.
"पण पंधरा मुलींचं काय?"
गोजराने मला खुंटीवरून ओढलं आणि माझ्यावर गाठी मारायला घेतल्या. पाडवा, बीज, तीज... पंधरा तिथी, पंधरा गाठी. शेवटच्या सहा गाठींवर तिने चिखलाची बोटं उमटवली.
"या सा दिसांना मंडल सकाली. बाकी चारला."
"होळीला बघतो," म्हणून साहेब गेले.
मित्रांनो, खरं सांगते, मी मनात रडले. गाठी मारलेली दोरी आखूड होते, तिच्यावरून उड्या मारता येत नाहीत.

दहावीपासून पंधरावीपर्यंत.
उड्यांना गणूने दुसरी दोरी दिली. मी दारात टांगलेली. माझ्यावर एक लाल चिंधी रोज एक गाठ खाली सरके. पंधरावी झाली की पुन्हा वर. गोजरा तिथी सांगे, नफिसा चांद बघून येई. कधी कधी दोघींचं एका दिवसावरून भांडण जुंपे.
"तुझा चांद झोपला व्हता का गं?"
"तुझीच गाठ पळाली!"
पण येता-जाता प्रत्येक मुलगी मला हात लावून जाई. असा मान नांगराच्या दोरीला मिळाला नव्हता.
होळीच्या आदल्या दिवशी, चौदाव्या गाठीला, साहेब आले ते सकाळी आठला. तिथी त्यांनी स्वतःच मोजली होती. हजेरी: बावीस.

गाठी संपल्या. आता मोकळं टोक.
मुली लग्न होऊन गेल्या. बाईंची बदली झाली. मी कपाटात पडले, झुरळांच्या सोबतीला. १९६९ मध्ये नव्या बाईंनी मला बाहेर काढलं आणि नखांनी गाठी सोडवू लागल्या. तेव्हा आपल्या पाच वर्षांच्या मुलीचं नाव घालायला आलेली एक बाई धावतच पुढे झाली.
"बाई, नका सोरू! त्यो गुंता नाय. आमचं घड्याल हाय."
गोजराच ती. तिच्या हातांना अजून खाडीचा वास होता.
मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाची गाठ सोडवण्याआधी ती कशासाठी मारली ते विचारा. आज अष्टमी. माझी चिंधी त्या छोटीने सरकवली. मंडळ चारला भरेल.