बारापर्यंत

माझा दादा कार्टूनच्या सिनेमासाठी बोका काढायचा. बोका म्हणजे एकच नव्हे. एका सेकंदाच्या हालचालीला चोवीस बोके, आणि सगळे कुठून ना कुठून आपटणारे. शिडीवरून, कपाटावरून, कोंबडीच्या मागे धावताना थेट खिडकीतून. लोक पोट धरून हसायचे. त्या बोक्याला पाडणारी खरी मात्र माझी वहिनी.

पडणं डोळ्यांनी बघितल्याशिवाय दादाला ते काढता येत नसे. म्हणून पुढच्या खोलीत कायम एक जाड गादी अंथरलेली असे, आणि वहिनी कामातून येता-जाता तिच्यावर धाडकन पडायची. मग निपचित. दादा पेन्सिल चालवत मोठ्याने मोजायचा, "एक, दोन, तीन..." बाराला ती डावा डोळा किलकिला करून आधी माझ्याकडे बघायची. दादाचं म्हणणं, दहाला उठलं तर हसू कच्चं राहतं, पंधराला उठलं तर विरून जातं. मी त्याच स्टुडिओत बोक्यांना रंग भरते, आणि माझा चेहरा बारा महिने एरंडेल प्यायल्यासारखा. मला हसवायचंच, असा वहिनीने पण केला होता. सात वर्षांत तिला ते जमलं नव्हतं.

त्या दिवशी धुवायचे पडदे काढायला ती स्टुलावर चढली होती. "अगंबाई" म्हणाली आणि पडद्यासकट गादीवर आली. सगळी पडद्यात गुंडाळलेली, एक पाऊल तेवढं बाहेर. मी हसले. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. दादा मोजत होता. बारा झाले. "आज लांबवतेय बघ," तो म्हणाला आणि पुढे मोजत राहिला. चाळीसला माझं हसू थांबलं.

डोक्यातली शीर फुटली होती. लगेच उचललं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. दादाच्या डोक्यात ते शिरलं नाही. "अठ्ठावीस आकडे जास्त मोजले मी," एवढंच तो बोलायचा. आणि मी माझ्या हसण्याबद्दल तोंडाला कुलूप लावून बसले. उलट दोनदा त्याच्यावरच खेकसले, मोजत काय बसलास म्हणून. त्याची मला अजून लाज वाटते.

सिनेमात एकच प्रसंग उरला होता. बोका शेवटचा पडतो आणि उठतो. दीड महिना झाला तरी दादाचा बोका पडलेलाच. मग स्टुडिओच्या मालकांचा निरोप आला, सोमवारपर्यंत झालं नाही तर दुसऱ्याकडून काढून घेऊ. वहिनीचा बोका कुणा परक्याने उठवायचा, हे दादाला सोसणार नव्हतं.

"तू पड," रविवारी तो मला म्हणाला.

"मी? हे गुडघे घेऊन?"

"दुसरं कोण आहे मला?"

पडले. कशीबशी, पोत्यासारखी. डोळे मिटून घेतले.

"एक," दादा म्हणाला. "दोन."

पेन्सिल खाली पडल्याचा आवाज आला आणि तो माझे खांदे गदागदा हलवायला लागला. "ऊठ! ऊठ गं!"

"उठले रे. हे बघ, उठले." मग मला ते पोटात ठेवणं जमेना. "दादा, त्या दिवशी मी हसत होते. माझं हसणं ऐकूनच तू मोजत राहिलास. माझंही चुकलं."

त्याने खाली पडलेली पेन्सिल उचलली.

"तिला ऐकू गेलं असेल का गं?"

"काय?"

"तू हसलीस ते."

आम्ही दोघं त्या गादीवर बसून रडलो, पहिल्यांदाच एकत्र.

सोमवारी त्याने प्रसंग नेऊन दिला. बोका पडतो, आणि दोनच आकड्यांत कोंबडी धावत येऊन त्याला पंखांनी हलवायला लागते. बदलायला वेळ नव्हता, तसाच सिनेमा लागला. पहिल्या खेळाला त्या जागी अख्खं थिएटर गप्प झालं. बाहेर येताना मालकांनी कपाळाला हात लावला.

"विनोदाचे बारा वाजवलेस तू!"

"बारा नाही, मालक," दादा म्हणाला. "दोनच."