पाचूची चीर

बड्या घराण्यांची जुनी चित्रं साफ करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. तिथे वस्तू एकाहून एक भारी आणि माणसं बहुतेक कोती, असा माझा अनुभव. या घरातल्या वहिनीसाहेब मात्र लाखात एक. थोरल्या पिढीनं जमवलेली चित्रं आणि रत्नं तीस वर्षं त्यांनीच जिवापाड सांभाळली. ती ठेवलेल्या खोलीच्या चाव्या कायम त्यांच्या कमरेला.

सोमवारी त्या रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. वाटणीआधी सगळं लख्ख दिसावं म्हणून त्यांनी घराण्याच्या हारातला मोठा पाचू गरम साबणपाण्यात धुतला, आणि त्यात उभी चीर दिसायला लागली.

मागोमाग त्यांचे थोरले दीर तोंड वाजवत आले. "दादासाहेब, मी मुद्दाम नाही हो..." वहिनीसाहेब म्हणेपर्यंत त्यांनी चाव्यांचा जुडगा मागून घेतलासुद्धा. "पणजोबांपासून अखंड होता पाचू! आता चाव्या माझ्या सुनेकडे."

माझं डोकंच फिरलं. "अहो, पाचूला तेल पाजलेलं असतं. त्यानं चिरा झाकतात. साबणानं तेल गेलं, एवढंच. चीर जुनीच आहे."

"कशावरून?"

आता आली का पंचाईत! मी समोरच्या चित्राकडे वळले. त्यांच्या पणजीचं चित्र. चेहरा साफ झाला होता, गळ्यातला पाचू अजून पिवळ्या पडलेल्या व्हार्निशखाली होता. मी त्यावर कापसाचा बोळा फिरवू लागले. हळूहळू हिरवा रंग वर आला, आणि त्यात वरून खाली एक पांढुरकी रेघ. तेव्हा पाचूला तेल पाजलेलं नसणार, आणि चित्रकारानं मालकांची भीडभाड न ठेवता दिसलं ते रंगवलं होतं. देव त्याचं भलं करो.

दादासाहेबांनी भिंग मागितलं, पाचू चित्राशेजारी धरला. तीच चीर, तेवढीच लांब. त्यांचा चेहरा पडला.

"चुकलं माझं," म्हणत त्यांनी जुडगा पुढे केला.

वहिनीसाहेबांनी तो घेतला नाही. "आधी पाचू द्या. तीस वर्षं नुसता पुसतेय. आज गळ्यात घालणार."

"घाला की! पण आधी तेल पाजून आणतो."

"नको. असाच."

हाराचा फासा मी लावला. त्या इकडेतिकडे आरसा शोधू लागल्या, तेव्हा दादासाहेबांनी भिंतीवरचा आरसा उतरवला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरून उभे राहिले.