मागे चालणारी झाडं

दातांचा दवाखाना दुपारी बंद केला, की डॉक्टरीणबाई शनिवारी वाचनालयाच्या माडीवरच्या वर्गाला जायच्या. पन्नाशीनंतर सुचलेलं हे खूळ, असं त्यांचे यजमान म्हणत. तिथे एक निवृत्त प्राध्यापक अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका तत्त्वज्ञाचं आत्मचरित्र शिकवत. त्याचे विचार बाजूला ठेवून, ते निव्वळ साहित्य म्हणून.

त्या दिवशी पान निघालं बालपणाचं. तापानं फणफणलेल्या दोन वर्षांच्या तत्त्वज्ञाला आई खिडकीपाशी घेऊन उभी आहे, बाहेर निळसर उजेड आहे.

"एवढ्याशा पोराला एवढं आठवतं?" कोणीतरी विचारलं.

"खरं-खोटं करायला आपण काही कोर्टात बसलेलो नाही," सर म्हणाले. "वाक्य बघा. इथवर सगळं 'होतं, होतं' चाललंय. आणि खिडकी आली, की एकदम 'आहे'. म्हातारा लिहिता लिहिता त्या खोलीत जाऊन उभा राहिलाय."

पुढच्या वाचनावरून बाईंचं लक्ष उडालं. त्यांच्याही मनात असंच एक पान होतं. त्या कोणाच्या तरी खांद्यावर गाल टेकून आहेत, केसांना साबणाचा वास येतोय, आणि रस्त्याकडेची झाडं मागे मागे चालत निघाली आहेत. त्या चार वर्षांच्या असतानाच आई गेली. आईची म्हणून त्यांच्यापाशी एवढीच काय ती पुंजी.

वर्ग सुटल्यावर त्या तडक थोरल्या बहिणीकडे, ताईकडे गेल्या. ताई मटार सोलत होती. बाईंनी तत्त्वज्ञाची खिडकी सांगितली, मग लहानपणापासून सांगत आलेली आपली झाडं पुन्हा सांगितली. ताईचे हात थांबले.

"आई नव्हती गं ती," ती हळूच म्हणाली. "आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तुला ताप भरला की मीच दवाखान्यात न्यायचे. बारा वर्षांची होते मी. तू म्हणजे चांगली धोंड होतीस."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"तुझ्या आठवणींत आईच्या वाट्याला एवढंच तर आलं होतं. ते कशाला हिसकावून घ्यायचं?"

बाईंनी डोळे मिटले, तर झाडं अजून चालतच होती, साबणाचा वासही तोच. फक्त खांदा अरुंद झाला होता, आणि त्याला धाप लागली होती. मध्येच थांबून कोणीतरी त्यांना सावरून पुन्हा वर घेत होतं. इतक्या वर्षांत त्यांना हे कधी जाणवलंच नव्हतं.

"त्या तुझ्या तत्त्वज्ञाला बहीण होती का गं?" ताईनं विचारलं.

"त्यानं तसं कुठे लिहिलेलं नाही."

"म्हणजे असणार," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मग ताईनं मटार बाजूला सारले, ती उशीला टेकली आणि म्हणाली, "वाच बघू, काय लिहिलंय." बाई पिशवीतलं पुस्तक काढून सावकाश वाचू लागल्या. दुसऱ्या पानावरच ताईचा डोळा लागला. संध्याकाळ खोलीत उतरत होती. बाईंनी तिच्या पायांवर चादर घातली आणि आवाज खाली आणून त्या वाचत राहिल्या.